तीस एप्रिलचे पेढे

कागदोपत्री जयेश एकुलता एक. पण खरातांच्या घरात त्याच्याआधी एक थोरला येऊन बसला होता आणि त्याचं नाव होतं व्हिएतनाम. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. या घरात ती उलटी होती. दुसऱ्याचा तो बाब्या होता, आणि कार्टं म्हणजे जयेश.

त्याचे वडील बाळासाहेब पुण्यात पोस्टात कारकून आणि युनियनचे पुढारी. सगळे त्यांना कॉम्रेड म्हणायचे, बायकोसुद्धा, चिडली की. व्हिएतनामवर अमेरिकेचे बॉम्ब पडत होते तेव्हा त्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आधी फ्रेंच, मग जपानी, पुन्हा फ्रेंच, मग अमेरिकन, एवढ्या परक्यांना पुरून उरलेला तो टीचभर देश त्यांनी काळजात ठेवला होता. पंचाहत्तर साली तीस एप्रिलला अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिणेची राजधानी असलेलं सायगाव पडलं, लढाई संपली, आणि बाळासाहेबांनी पोस्टाच्या दारात उभं राहून पेढे वाटले. मग दर वर्षी वाटत राहिले. आता नशिबाचा फाजीलपणा बघा, सात वर्षांनी नेमक्या त्याच तारखेला जयेश जन्मला. बाळासाहेब दवाखान्यात आले ते विजयदिनाची सभा आटोपूनच. जय मिळाला त्या दिवशी झाला म्हणून नाव जयेश. म्हणजे नावसुद्धा थोरल्याचं उतरलेलं.

वाढदिवसाला घरात पेढे यायचे, पण ते त्याचे नसायचे. ते टोपलीत भरून पार्टीच्या कचेरीत जायचे. आई, रेखाताई, स्वयंपाकघरात त्याच्या हातावर वाटीभर शिरा ठेवायची आणि म्हणायची, "हा तुझा. ते त्यांच्या व्हिएतनामचे." सायकल शिकताना पडला, गुडघा फुटला, तर बाळासाहेब म्हणाले, "अरे, दिएन बिएन फूच्या लढाईत त्यांची पोरं एकेका सायकलवर दोन-दोनशे किलो लादून डोंगर चढली. तुला रिकामी आवरेना?" तेव्हा तो सात वर्षांचा. त्याने ते गिळलं. पण पोटात गेलेलं सगळंच काही पचत नाही. काही नुसतंच दुखत राहतं.

तर हा जयेश आता त्रेचाळीसचा होऊ घातला होता. टोकियोशेजारी ग्योतोकुला राहायचा, एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघायचा. बायको दीप्ती, नऊ वर्षांची मुलगी केतकी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना त्याने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि तेही मुद्दाम मार्चमध्ये. म्हणजे तीस एप्रिल इथे पडेल. इथे कचेरी नाही, युनियन नाही, सभेला चार डोकी नाहीत. म्हातारा आणि तो, दोघंच. आयुष्यात एकदा तरी बाबा आपला वाढदिवस आपला म्हणून साजरा करतील, एवढीच त्याची मागणी. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्रेचाळिसाव्या वर्षी असलं काही सांगायची लाजच वाटते.

आणि आल्यावर चौथ्या दिवशी बाळासाहेबांना काय सापडावं? स्टेशनमागच्या गल्लीत एका व्हिएतनामी बाईचं पावाचं दुकान. जपानात येऊन माणसाला फुजीचा डोंगर दिसतो. याला व्हिएतनाम दिसला.

बाईंचं नाव लान. साठी ओलांडलेली, बुटकी, तुरुतुरु चालणारी. लांबट कुरकुरीत पाव मधोमध चिरून त्यात काकडी, मुळ्याचं लोणचं, कोथिंबीर आणि अंडं भरून द्यायची. बाळासाहेबांना जपानी येत नव्हतं, तिला इंग्रजी येत नव्हतं, मराठीचा तर प्रश्नच नाही. तरी ते रोज सकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे. छातीवर हात ठेवून "व्हिएतनाम, व्हिएतनाम" म्हणायचे. ती हसून चहा द्यायची. मग दोघं आपापल्या भाषेत बोलत बसायची आणि दोघांचं उत्तम चालायचं.

"लानबाईंचे गुडघे दुखतात रे," एकदा जेवताना बाळासाहेब म्हणाले. "आपल्याकडचं महानारायण तेल मिळेल का इथे?"

जयेशच्या पायाला वर्षभर टाचदुखी होती. घरात लंगडत फिरायचा. पण ते दिसायला तो व्हिएतनामी असायला हवा होता.

"निशी-कसाईला भारतीय दुकानात मिळेल," तो म्हणाला. "बाबा, मी कंपनीत नेमकं काय करतो, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कॉम्प्युटर," बाळासाहेब म्हणाले आणि भाकरी मोडली.

दीप्तीने नवऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. रात्री म्हणाली, "तू चक्क जळतोयस. एका म्हाताऱ्या पाववालीवर!"  पाववालीवर नाही गं, असं त्याला म्हणायचं होतं. एका अख्ख्या देशावर.

एप्रिलच्या मध्याला एका संध्याकाळी ऑफिसातून येताना तो पाव घ्यायला थांबला. दुकानात कुणी नव्हतं. लानबाई काउंटरमागून बाहेर आली आणि अदबीने जपानीत म्हणाली, "खरात-सान, तुमचे वडील फार चांगले आहेत. एक विनंती आहे, राग नसावा. ते अधूनमधून मूठ वर करून हो ची मिन्हचं नाव घेतात. माझ्या दुकानात ते नाव नको. आम्ही तिथून बोटीने पळून आलेली माणसं आहोत. आणि तीस तारखेला दुकान बंद असतं, माझ्या थोरल्या भावाचा स्मृतिदिन असतो. वडिलांना सांगाल का?"

"सांगतो," जयेश म्हणाला. आणि सांगणार होता, अगदी खरं. घरी पोचेपर्यंत त्याने वाक्यंसुद्धा जुळवली होती. बाबा, बाई निर्वासित आहे, तुमच्या विजयातून जीव घेऊन पळालेली. घरात शिरला तर बाळासाहेब केतकीला जवळ घेऊन बसले होते. जयेशच्या मनात आलं, आधी आपलं काढावं.

"बाबा, तीस तारखेला मी रजा टाकलीय. गाडी भाड्याने घेऊ. त्सुकुबाला डोंगर आहे, वर जायला रोपवे आहे. तुम्ही आणि मी. दोघंच."

"तीस?" बाळासाहेब ताठ बसले. "अरे, शुद्धीवर आहेस का? पन्नासावं वर्ष आहे! पन्नासावं! आणि नशीब बघ माझं, त्या दिवशी मी खुद्द एका व्हिएतनामी बाईच्या हातावर पेढा ठेवणार. पुण्यात असतो तर कुठे मिळालं असतं हे? रजा टाकलीस ते बरं केलंस. तू चल बरोबर, बोलायला. मला तिला खूप सांगायचंय."

"त्या दिवशी माझा..." जयेश म्हणाला.

"हो हो, तुझाही आहेच की," बाळासाहेब म्हणाले. "तुलाही पेढा."

तुलाही. त्या 'ही'ने जयेशच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने जुळवलेली वाक्यं तोंडातच ठेवली. जाऊ दे की म्हाताऱ्याला पेढे घेऊन. बघू दे एकदा तो लाडका थोरला कसा स्वागत करतो ते. पुढचे पंधरा दिवस तो रोज ठरवायचा की आज सांगू, आणि रोज काहीतरी व्हायचं. एकदा लानबाईने दिलेली पुदिन्याची कुंडी बाळासाहेबांनी बाल्कनीत लावली आणि जयेशची वाळत घातलेली पॅन्ट बाजूला सारली. असं काहीही पुरायचं.

एकोणतीसला सुट्टी होती. बाळासाहेबांनी दूध पावडर, तूप आणि साखर घेऊन स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि पेढे वळले. वेलची कुटताना गुणगुणत होते. दीप्ती म्हणाली, "बाबा किती खूश आहेत रे." जयेश म्हणाला, "असणारच." त्याला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण तोंड उघडलं नाही.

तीस तारखेला सकाळी दोघं निघाले. बाळासाहेबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, हातात पेढ्यांचा डबा. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं.

"बंद दिसतंय," बाळासाहेब म्हणाले. "विजयदिनाची सुट्टी घेतली असणार. शाबास!"

अजूनही वेळ होता. जयेशने सांगितलं असतं, बाबा परत फिरू या, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने वाकून शटरवर टकटक केलं.

लानबाईने दार उघडलं. काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. दोघांना बघून, पांढरा शर्ट आणि हातातला डबा बघून तिचे डोळे भरून आले. ती जयेशपुढे कमरेत वाकली. "सांगितलंत ना त्यांना. आणि ते आले. फार आभार." तिला वाटलं, म्हातारा भावाच्या स्मृतिदिनाला आला आहे. जयेशही तसाच वाकला, कारण जपानात राहून ती सवयच लागते, आणि मान वर करण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुकानाच्या मागे तिची राहायची खोली होती. उंच फळीवर एका विशीतल्या मुलाचा फोटो, पुढे उदबत्त्या, फळं, भाताची वाटी, चहाचा छोटा पेला, भाज्या घातलेला गरम रस्सा. खाली ताटं मांडलेली. आपल्याकडे श्राद्धाला पान वाढतात तसंच सगळं, फक्त इथे गेलेला माणूस समोरून बघत होता. लानबाईने बाळासाहेबांच्या हातातला डबा दोन्ही हातांनी घेतला, उघडला आणि पेढ्यांची चळत करून फोटोपुढे ठेवली.

बाळासाहेबांनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. कोवळा पोरगा, व्हिएतनामी, आणि तारीख तीस एप्रिल! त्यांच्या हिशेबात दुसरा अर्थच बसत नव्हता.

"हुतात्मा!" ते म्हणाले. जोडे काढलेल्या पायांवर ताठ उभे राहिले आणि त्यांनी उजवी मूठ वर केली. "लाल सलाम! जयेश, विचार तिला, कुठल्या लढाईत गेला? आणि सांग, तुमच्या भावाच्या रक्तामुळे हा दिवस उगवला. आम्ही तिकडे पुण्यात पन्नास वर्षं हा दिवस साजरा करतोय म्हणावं!"

लानबाई त्या मुठीकडे बघत राहिली. मग जयेशकडे वळली. "काय म्हणतायत ते?"

दोघांच्या मधोमध जयेश. दोन्ही भाषा फक्त त्याला येत होत्या. ऑफिसात क्लायंटपुढे अवघड बोलणं सोपं करून सांगायचं काम त्याच्याकडेच असायचं, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथेही एक गोड वाक्य बोलून त्याने दोघांना सुखाने घरी पाठवलं असतं. पण आत एक सात वर्षांचं पोरगं फुटका गुडघा धरून बसलं होतं आणि ते म्हणत होतं, आता. आत्ताच.

"भाऊ कसा गेला, विचारतायत," तो बाईला म्हणाला.

आणि ती सांगू लागली. जयेशने त्या दिवशी केला तसा चोख अनुवाद आयुष्यात कधी केला नव्हता. एक शब्द गाळला नाही, एक शब्द मऊ केला नाही.

"त्या म्हणतायत, त्यांचे वडील दक्षिणेच्या सैन्यात होते. विजय झाल्यावर त्यांना छावणीत नेलं, सुधारायला म्हणून. ते परत आले नाहीत."

बाळासाहेबांची मूठ अजून वरच होती.

"त्या म्हणतायत, पाच वर्षांनी आम्ही पळायचं ठरवलं. तीस एप्रिल निवडला. कारण त्या दिवशी पहारेकरी विजयाच्या आनंदात असायचे. खायचे, प्यायचे, नाचायचे. किनाऱ्यावर लक्ष नसायचं."

मूठ हळूहळू खाली आली. हे बघायला जयेश किती वर्षं थांबला होता! आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्याला बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

"त्या म्हणतायत, समुद्रात बोटीच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं. भाऊ सुरी घेऊन खाली उतरला. त्याने जाळं कापलं. इंजिन सुरू झालं. तो वर आला नाही. बोटीवर कुणालाच तारीख माहीत नव्हती, म्हणून निघालो तो दिवस धरतो. पुढे जपानला येणाऱ्या एका जहाजाने आम्हाला उचललं."

 बाई रडत नव्हती, हेच त्याला सोसेना. ती नुसती सांगत होती, एखाद्याला घरचा पत्ता सांगावा तशी. आणि बाबा एवढेसे दिसत होते. इस्त्रीचा शर्ट अंगावर एकदम मोठा झाला होता.

बाळासाहेबांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग बाळासाहेब म्हणाले, "नाव काय त्याचं?"

जयेशने जपानीत विचारलं. "क्वांग," लानबाई म्हणाली.

"क्वांग," बाळासाहेब म्हणाले, आणि खुणेनेच विचारलं, कसं करायचं? तिने तीन उदबत्त्या पेटवून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी तीनदा मान लववली. जयेश बघत राहिला. आईच्या तेराव्याला हा माणूस घराबाहेर जाऊन बसला होता. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणाला होता. आईला एक उदबत्ती नाही, आणि या परक्या पोराला तीन! इतकं होऊनसुद्धा तो जळलाच. मत्सराला काही वेळकाळ असतो?

उदबत्त्या लावून बाळासाहेब तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "जयेश, सांग तिला. हे पेढे आनंदाचे आहेत म्हणावं. त्या वर्षीही मी वाटले होते. ही बोटीत बसत होती तेव्हा मी पेढे वाटत होतो. सगळं सांग. काही लपवू नकोस."

लानबाई जयेशच्या तोंडाकडे बघत होती.

आणि इथे मात्र जयेशची जीभ रेटेना. एवढा वेळ चोख चाललेला दुभाष्या अडला. हे सांगितलं तर ती पेढे फोटोपुढून उचलेल. उचलायलाच हवेत, तिचा हक्कच तो. पण ते बाबांच्या डोळ्यांदेखत होईल, आणि ते बघायची ताकद त्याच्यात नव्हती. स्वतः रचलेल्या खेळात त्याचाच धीर सुटला.

"वडील म्हणतायत," तो जपानीत म्हणाला, "मिठाई त्यांनी स्वतःच्या हातांनी केली आहे. तुमच्या भावासाठी."

लानबाईने एक पेढा उचलला, अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "वेलची. क्वांगला आवडली असती."

"काय म्हणाली?" बाळासाहेबांनी विचारलं.

"म्हणाल्या, चांगले झालेत."

सगळं ऐकूनही तिने पेढा खाल्ला, असं बाळासाहेबांना वाटलं. त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले आणि ते हुंदके देऊन रडू लागले. लानबाईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जयेश भिंतीला टेकून उभा होता. दोघांनाही त्याने फसवलं होतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

परतताना बाळासाहेब रेल्वेच्या पुलाखालच्या बाकावर बसले. वरून तोझाई लाइनची गाडी धडधडत गेली. आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "ती दारात तुझ्यापुढे वाकली. कशासाठी?"

युनियनचा पुढारी होता तो. माणसांचे चेहरे वाचण्यात त्याची हयात गेली होती.

"तुला आधीपासून ठाऊक होतं."

"हो," जयेश म्हणाला.

"मग मला अडवलं का नाहीस?"

 सायकलचं सांगायचं? शिऱ्याचं? "तुम्ही ऐकलं नसतंत," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते पटेना. "नाही. मला वाटलं, तुमचा एकदा पचका व्हावा. तुमचं सगळं प्रेम तिकडेच गेलं, बाबा. लहानपणापासून. मी जळलो त्याच्यावर. अजून जळतो."

बाळासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आमचं खोटं नव्हतं रे," ते शेवटी म्हणाले. "पोराबाळांवर आगी ओतत होते परके. त्यांना हाकलायलाच हवं होतं. उद्या पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा मोर्चात जाईन."

"मी कुठे खोटं म्हणतोय?"

"पण हा पोरगा आम्ही धरलाच नाही हिशेबात. पन्नास वर्षं. एकदाही." ते उठले. "चल. घरी वाट बघत असतील."

घरी दीप्तीने केक आणून ठेवला होता. "ओसोई!" केतकी जपानीत ओरडली, किती उशीर म्हणून. मेणबत्त्या लागल्या. दर वर्षी या वेळी फोनवरून बाळासाहेबांचं भाषण चालायचं, आणि जयेश फोन कानापासून लांब धरायचा. आज ते शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. टाळ्या वाजवत होते. वाढदिवसाचं गाणं त्यांना येत नव्हतं, तरी केतकीच्या तोंडाकडे बघत म्हणत होते.

जयेशने केक कापला. टेबलावर व्हिएतनामचं नाव कुणी काढलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सगळा दिवस त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला होता, आणि तो म्हातारा खुर्चीत बसून रिकाम्या डोळ्यांनी हसत होता. जयेशला ते हसणं बघवेना.

"बाबा," तो म्हणाला, "केतकीला सांगा ना काहीतरी. व्हिएतनामचं. तुम्ही किती छान सांगता."

"आज नको," बाळासाहेब म्हणाले. "आज तुझा वाढदिवस आहे."

त्यांनी केकचा तुकडा उचलला आणि मुलाच्या तोंडापुढे धरला. जयेशने तो घेतला, पण त्याला गिळता येईना.